‘कंपनी से सेट होके आता है!’

“स्पार्क प्लगची सुबक आकृती काढा व भागांना नावे द्या. (५ गुण)” हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी सोडवलाय. इन्सुलेटर, सेंटर इलेक्ट्रोड, ग्राउंड इलेक्ट्रोड, गॅस्केट... सगळी नावं तोंडपाठ! दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये एक बारीक बाण काढून त्यावर ‘गॅप’ लिहिलं की पाचपैकी पाच. पण मंडळी, तो गॅप किती, हे कुणी विचारलंय का? आणि तो खरंच किती आहे, हे कुणी मोजून पाहिलंय का? हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये ज्यांच्या गाड्या उभ्या असतात, त्यांना हा प्रश्न जरा जास्तच जोरात विचारावासा वाटतो. आणि हो, स्टाफ पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा प्लगवरच चालतात!

माझं म्हणणं सरळ आहे. बाजारातून आणलेला नवा प्लग, मग तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असो, मोजल्याशिवाय इंजिनात जाता कामा नये. आणि ही सवय मेकॅनिकला लागायच्या आधी आपल्याला लागली पाहिजे. आपणच जर बाण काढून मोकळे होणार असू, तर त्याला नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

(एक खुलासा. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ‘प्लग’, ‘गॅप’, ‘कॉइल’ यांना शुद्ध मराठी शब्द शोधत बसले नाही. आपल्या धामणकर नाक्यावरच्या गॅरेजमध्येही हेच शब्द चालतात, मग आपल्या अंकात का चालू नयेत?)

भिवंडी म्हटलं की लोकांना ट्रक आठवतात. पण ट्रक बहुतेक डिझेलचे, आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेतं. प्लग लागतो तो पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांना. म्हणजे रिक्षा, टॅक्सी, शाळेची व्हॅन, मागाच्या कारखान्यातून गोदामात तागे पोचवणारे छोटे टेम्पो, आपल्या सरांच्या कार आणि आपल्या बाइक. भिवंडीचं रोजचं पोट या गाड्यांवर चालतं. तेव्हा विषय अर्ध्या-एक मिलिमीटरचा असला तरी छोटा नाही.

आता थोडी थिअरी. (पळू नका, व्हायवाला उपयोगी पडेल!) कॉइलमधून आलेलं हजारो व्होल्टचं व्होल्टेज प्लगच्या दोन टोकांमधल्या गॅसला फोडून ठिणगी उडवतं. १८८९ मध्ये पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की त्यासाठी किती व्होल्टेज लागेल ते गॅसचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. साध्या हवेत दर मिलिमीटरला ३ किलोव्होल्ट हा आपल्या पुस्तकातला ढोबळ आकडा. पण सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेलं मिश्रण असतं, त्यामुळे तिथे दहा, पंधरा, कधी वीस किलोव्होल्टही लागतात. गॅप वाढवला की ही मागणी वाढते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिश्रण जास्त आत येतं, दाब वाढतो आणि मागणी आणखी वाढते.

मग गॅप कमीच ठेवला तर? तेही चालत नाही. गॅप फार कमी असेल तर ठिणगी उडते, पण तिच्याभोवती तयार होणारा ज्वालेचा पहिला गोळा इवलासा असतो. बाजूचे दोन थंड इलेक्ट्रोड त्याची उष्णता शोषून घेतात आणि तो वाढायच्या आतच विझतो. आयडलिंगला मिश्रणात आधीचा जळका गॅस जास्त प्रमाणात मिसळलेला असतो, त्यामुळे हा त्रास तिथे जास्त जाणवतो. एका वाक्यात सांगायचं तर, गॅप कमी असेल तर गाडी सिग्नलला रडते, आणि जास्त असेल तर घाटात रडते. आपल्याकडून नाशिकला जाणाऱ्यांनी कसारा घाटात माल भरलेली एखादी गाडी ‘मिसिंग मारताना’ ऐकली असेल. प्रत्येक वेळी दोष प्लगचाच असतो असं नाही, पण तपासाची सुरुवात तिथून करायला काय हरकत आहे?

बरं, मग आपले जुने मेकॅनिक काय करत होते? त्यांच्याकडे कुठे गेज होतं? इथेच खरी गंमत आहे. जुन्या उस्तादांची गॅप लावायची पद्धत म्हणजे हॅक्सॉ ब्लेड! (लाइनीत सगळे त्याला ‘एक्सा ब्लेड’ म्हणतात.) ब्लेडची दाते नसलेली बाजू दोन टोकांमध्ये सरकवायची, बाहेरचा इलेक्ट्रोड हलकेच ठोकायचा, ब्लेड घासून बाहेर आलं की झालं काम. आपण कॉलेजवाले हे बघून हसतो. पण हसण्याआधी ब्लेडला मायक्रोमीटर लावा. हाताने वापरायच्या हॅक्सॉ ब्लेडची नेहमीची जाडी असते ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६३ मि.मी. आणि अँबेसेडरच्या जुन्या इंजिनाचा प्लग गॅप किती? ०.०२५ इंच! कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा आकडाही त्याच्याच आसपासचा. म्हणजे उस्तादाचं ब्लेड हे अडाणीपणाचं लक्षण नव्हतं. त्याच्या काळातल्या गाड्यांसाठी ते फुकटात मिळालेलं, बऱ्यापैकी अचूक गेज होतं. सलाम आहे त्या डोक्याला!

पण काळ बदलला. अँबेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निरोप दिला गेला. दरम्यान २००० नंतर प्रदूषणाचे निकष एकामागोमाग एक कडक होत गेले, ते २०२० मध्ये बीएस-६ पर्यंत पोचले. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. कॉन्टॅक्ट पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, आणि आता तर बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसलेली असते. मिश्रण पातळ झालं, म्हणून ज्वालेचा गोळा मोठा हवा, म्हणून गॅप मोठा. आणि कॉइल ताकदवान झाली, म्हणून तो परवडतो. आता कितीतरी कारचा गॅप १.० किंवा १.१ मि.मी. असतो. ब्लेड मात्र तेच राहिलं, ०.६३! १.१ मागणाऱ्या इंजिनाला ०.६३ दिला तर साधारण साठ टक्केही भरत नाही. गणित तुम्हीच करा.

म्हणून ब्लेड मागे पडलं आणि त्याच्या जागी आलं एक वाक्य: “कंपनी से सेट होके आता है, हाथ मत लगाओ!” कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा, हेच उत्तर मिळेल. आणि खरं सांगायचं तर हे वाक्य पूर्ण खोटं नाही. चांगल्या कंपनीचा प्लग कारखान्यातून गॅप लावूनच निघतो. कडेला बारीक टोकाचे इरिडियम प्लग असतील तर ‘हात लावू नको’ हा सल्ला सोन्यासारखा आहे. त्यातल्या काहींच्या मधल्या इलेक्ट्रोडचं टोक जेमतेम ०.४ मि.मी. जाडीचं असतं, त्यावर गेज दाबलं की ते तुटलंच म्हणून समजा.

पण प्रश्न असा आहे, की कंपनीने गॅप सेट केला तो कुणासाठी? तुमच्या गाडीसाठी? छे! तिला काय माहीत तो प्लग कुठल्या गाडीत जाणार आहे! गाडीच्या कंपनीने स्वतःच्या खोक्यात दिलेला प्लग वेगळा, आणि काउंटरवर “एक प्लग द्या” म्हणून मिळतो तो वेगळा. एकच प्लग दहा-बारा मॉडेलना बसतो. एनजीकेचंच उदाहरण घ्या. ‘बीकेआर६ई’ आणि ‘बीकेआर६ई-११’ हे दोन प्लग शेजारी ठेवले तर भाऊ-भाऊ दिसतील. आटे तेच, पाना तोच, हीट रेंज तीच. फरक फक्त गॅपचा. शेवटचा ११ म्हणजे १.१ मि.मी., आणि बिनआकड्याच्या भावाचा सुमारे ०.८. दुकानात एक संपला की दुसरा दिला जातो, आणि दोघेही व्यवस्थित बसतात. गाडी चालू होते. कुणालाच काही कळत नाही!

त्यात वाटेतले धक्के आहेतच. कारखान्यापासून आपल्या हातापर्यंत येताना खोकं कितीदा आपटलं याचा हिशेब कोण ठेवतो? आणि नकली माल हा वेगळाच विषय. छपाई हुबेहूब असते, पण एकाच खोक्यातल्या चार प्लगचे गॅप चार तऱ्हेचे निघाले तर शंका घ्यायला जागा आहे. तीही मोजल्यावरच कळणार ना!

भिवंडीपुरता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे सीएनजी. सीएनजी आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून मूळ पेट्रोलच्या गाडीला बाहेरून किट बसवलं तर बरेच किटवाले गॅप थोडा कमी, साधारण ०.७ ते ०.८ ठेवायला सांगतात. आमच्या शेजारचे एक काका अशीच किट बसवलेली व्हॅन चालवतात. त्यांनी नवे प्लग घातले, आणि माल भरून मानकोलीचा पूल चढताना गाडी मिसिंग मारायला लागली. रिकामी असताना मात्र एकदम शहाण्यासारखी चालायची. आधी प्लगच्या वायरी बदलल्या. मग कॉइल बदलली. दोन दिवस गाडी गॅरेजात, म्हणजे दोन दिवसांचं भाडं गेलं. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने प्लग काढून गेज लावलं. गॅप १.१! किटच्या कागदावर लिहिलं होतं ०.८. त्या गॅपचे प्लग घातले आणि प्रश्न मिटला.

या गोष्टीत मला सगळ्यात विचार करण्यासारखं काय वाटतं माहितीये? कुणीही कुणाला फसवलं नव्हतं. प्लग अस्सल होते. नवे होते. गाडीच्या पुस्तकातल्या पेट्रोलच्या नंबरप्रमाणे बरोबरही होते. दुकानदार खरा, पहिला मेकॅनिक खरा, कंपनीही खरी. फक्त ‘ही गाडी आता गॅसवर चालते, मग हिला गॅप किती हवा?’ हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. आणि त्या एका न विचारलेल्या प्रश्नाचे पैसे भरले ते काकांनी. आपल्याला गॅप म्हणजे पाच मार्कांचा बाण, त्यांना तो दोन दिवसांचा धंदा. शिवाय मिसिंग झालं की न जळलेलं इंधन सायलेन्सरकडे जातं. ते तिथे पेटून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो आणि खराब होऊ शकतो. जे जळत नाही ते सगळं आपल्याच नाकात!

आता हॉस्टेलमधल्या तज्ज्ञांबद्दल दोन शब्द. ‘गॅप वाढव, पिकअप वाढतो’ असा एक मंत्र आपल्या पार्किंगमध्ये कायम ऐकू येतो. मोठी ठिणगी, मोठी ताकद! ऐकायला छान वाटतं. पण ठिणगी पॉवर देत नाही. ती फक्त काडी लावते. पॉवर इंधनातून येते. मिश्रण नीट पेटत असेल तर आणखी मोठी काडी लावून पुढचा भात लवकर शिजत नाही. उलट कॉइलवर ताण वाढतो, इन्सुलेशनवर ताण वाढतो, आणि हायवेला फुल थ्रॉटलवर गाडी अडखळते. तुमच्या बाइकच्या कंपनीने हजारो तास टेस्टिंग करून ठरवलेला आकडा, रात्री बारा वाजता चहाच्या टपरीवर झालेल्या चर्चेपेक्षा जास्त भरवशाचा असतो, एवढं तरी मान्य करूया.

मग करायचं काय? फार काही नाही.

१. आधी आकडा शोधा. गाडीच्या पुस्तकात, किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर तो असतो. किट बसवलं असेल तर किटचा कागद बघा. खोक्यावरचा आकडा हा प्लगचा आकडा आहे, गाडीचा नाही.

२. इंजिन थंड असताना प्लग काढा. नवा प्लग असेल तर बसवण्याआधीच मोजा. फिलर गेज दोनशे रुपयांच्या आसपास मिळतं, म्हणजे तीन-चार प्लेट मिसळपाव. वापरलेल्या प्लगला तारेचं गेज जास्त चांगलं, कारण झिजलेल्या इलेक्ट्रोडला मध्ये खळगा पडतो आणि सपाट पट्टी त्या खळग्यावरून नुसती सरकून जाते. गॅप असतो त्यापेक्षा कमी दाखवते.

३. योग्य गॅप म्हणजे गेज किंचित घासून जातं. ढिलं जात असेल तर गॅप जास्त, शिरतच नसेल तर कमी.

४. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड. मधल्या इलेक्ट्रोडला टेकू देऊन जोर लावलात तर आतलं पोर्सेलिन तडकतं. ही तडक डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला कळते.

५. फरक ०.२ मि.मी.पेक्षा जास्त असेल तर वाकवत बसू नका, योग्य गॅपचा प्लग घ्या. इरिडियम किंवा दोन-तीन बाहेरचे इलेक्ट्रोड असलेला प्लग असेल तर वाकवायचा विषयच काढू नका. तो चुकीचा असेल तर बदलून आणा.

६. सगळ्या सिलिंडरचे प्लग मोजा. तीन बरोबर आणि एक चूक, यालाही गाडी मिसिंगच म्हणते. आणि दर सर्व्हिसिंगला पुन्हा बघा, कारण प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा एक कण घेऊन जाते आणि गॅप आपोआप वाढत राहतो.

झालं! चार प्लगना पंधरा मिनिटं लागतात. मॅचच्या मधल्या ब्रेकमध्ये उरकेल.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढं मोठं लेक्चर कशाला? तर आपल्याच गावातलं उदाहरण देते. मागावरून उतरलेलं कोरं कापड घ्यायला व्यापारी येतो, तेव्हा ताग्यावरचा शिक्का वाचून पैसे मोजतो का? तो खिशातून छोटं भिंग काढतो, कापडावर ठेवतो आणि एका इंचात उभे-आडवे किती धागे आहेत ते स्वतः मोजतो. विकणारा त्याचा वीस वर्षांचा ओळखीचा असला तरी मोजतो. आणि विकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. मोजणं म्हणजे अविश्वास नव्हे, ती धंद्याची रीत आहे. ज्या गावात कापडाचा धागान् धागा मोजला जातो, त्या गावातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी प्लगचा गॅप खोक्यावर वाचून सोडून द्यावा?

म्हणून शेवटी वर्कशॉपच्या सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. प्लगची आकृती राहू द्या, आमचा हात त्यावर चांगला बसलाय. पण तिच्या जोडीला एक प्रॅक्टिकल द्या. टेबलावर आठ प्लग ठेवा: काही नवे, काही झिजलेले, एखादा वाकडा, एखादा इरिडियम. सोबत एका गाडीच्या पुस्तकातला आकडा द्या. आम्ही मोजू, लिहू, आणि प्रत्येकापुढे ‘वापरा’, ‘सेट करा’ किंवा ‘परत करा’ यापैकी एक शेरा देऊ. पाच मार्क त्या शेऱ्याला द्या. कपाटातलं गेज वर्षातून एकदा इन्स्पेक्शनला बाहेर येण्यापेक्षा दर गुरुवारी आमच्या हातात आलेलं बरं नाही का? आणि हॉस्टेलमधल्या मित्र-मैत्रिणींनो, विंगमध्ये मिळून एक गेज घेऊया. दहा जणांत वीस-वीस रुपये सुद्धा पुरतील.

आणि पुढच्या वेळी गॅरेजमध्ये कुणी “कंपनी से सेट होके आता है” म्हणालं, तर वाद घालू नका. त्याच्या उस्तादाच्या ब्लेडने पद्मिनी आणि अँबेसेडर वर्षानुवर्षं पळवल्या आहेत, तेव्हा बोलताना मान ठेवूनच बोला. “हां उस्ताद, फिर भी एक बार देख लेते हैं” एवढंच म्हणा, आणि गेज पुढे करा. तोही बघेल, तुम्हीही बघा. बघा, पटतंय का!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)